रान्तानेन गेला : लाडकी जोडी फुटली की तुम्ही काय करता?

पानगळ | २५ जानेवारी २०२५, सकाळी ७.४०

काल शुक्रवारी रात्री जेवणं आटोपून मी ओटा पुसत होते. लेक हॉलमधून उठून आली, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि काही न बोलता फोन माझ्यासमोर धरला. मिक्को रान्तानेनला आमच्या आईस हॉकी संघाने, कोलोराडो अ‍ॅव्हलांचने कॅरोलायनाला देऊन टाकलं. बदल्यात मार्टिन नेचास, जॅक ड्रुरी आणि दोन ड्राफ्ट पिक, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीतल्या दोन पाळ्या. मी म्हटलं, अफवा असेल. ती म्हणाली, "आई, संघाच्याच पानावर आहे."

आम्ही डेन्व्हरजवळ राहतो, अकरा वर्षं झाली. आले तेव्हा मला आईस हॉकीतलं ओ की ठो कळत नव्हतं. ही गोडी मला लेकीने लावली. ती आता तेरा वर्षांची आहे. तिच्याकडे एक दोनशे पानी वही आहे. तिच्यात तीन रकाने आखलेत: तारीख, गोल कोणाचा, पास कोणाचा. नावं नाहीत, नुसते जर्सीचे आकडे. २९ म्हणजे नेथन मॅकिनन, ९६ म्हणजे रान्तानेन, ९२ म्हणजे कॅप्टन लँडेस्कॉग. लँडेस्कॉग गुडघ्यामुळे २०२२ च्या जूनपासून बर्फावर उतरलेलाच नाही, त्यामुळे अलीकडची पानंच्या पानं २९-९६, ९६-२९ अशीच भरलीत.

ज्यांनी हे दोघं पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. मॅकिनन पक, म्हणजे ती रबरी चकती, घेऊन मधून सुसाट सुटला की समोरचे दोन्ही बचावपटू त्याच्याकडेच ओढले जातात. त्या वेळी सहा फूट चार इंचांचा रान्तानेन सावकाश मागून येतो आणि नेमका मोकळ्या जागेत उभा राहतो. मॅकिनन मान वर करूनही बघत नाही. पक जातो तो त्याच्याच काठीवर. अशी सवय दोन वर्षांत लागत नाही. २०१६-१७ मध्ये हा संघ ८२ पैकी फक्त २२ सामने जिंकला होता. तिथपासून ही मुलं एकत्र आहेत आणि २०२२ मध्ये त्यांनी एकत्रच लीगच्या विजेतेपदाचा स्टॅन्ली कप उचलला.

सौदा बरा की वाईट, हे मला विचारायचं नाही. ते सांगणारे पुष्कळ आहेत. मला विचारायचंय ते इथल्या जुन्या चाहत्यांना: तुमची जोडी फुटली तेव्हा तुम्ही काय केलंत? पुन्हा सामने बघायला कसे बसलात? रात्री लेकीने जर्सी घडी करून कपाटात सगळ्यात वर, माझ्या पैठणीच्या पिशवीवर ठेवली. तिला काय म्हणावं ते मला सुचलं नाही.


सुमी_बॉस्टन | २५ जानेवारी, ८.१५

अगं, मीसुद्धा रात्री दोनदा वाचलं. विश्वासच बसेना. आज तुमचा सामना आमच्याकडे बॉस्टनला आहे ना? मी बघणार आहे. लेकीला जवळ घे, बोलू नकोस काही.


खडकीचा_पोर | २५ जानेवारी, ८.५२

पुण्यातून वाचतोय. आमची हॉकी मातीवरची आणि टर्फवरची. धनराज पिल्ले आमच्या खडकीचे, त्यामुळे हॉकी म्हटलं की मी धागा उघडतोच. आईस हॉकी मात्र फारशी माहीत नाही. खेळाडूला विचारत नाहीत का? तो नाही म्हणू शकत नाही?

आपल्याकडेही लिलाव असतोच म्हणा. हॉकी इंडिया लीग यंदा पुन्हा सुरू झाली, त्यात हरमनप्रीतला ७८ लाख मिळाले. आयपीएलमध्ये सिराज सात हंगामांनंतर बंगळुरूहून गुजरातला गेला तेव्हा माझ्या धाकट्या भावाचं तोंड दोन दिवस उतरलं होतं. पण ते सगळं हंगामाआधी होतं. ऐन हंगामात माणूस उचलून दुसऱ्या ड्रेसिंग रूममध्ये बसवणं मला नवीन आहे. जाणकारांनी सांगावं.


जमाखर्च | २५ जानेवारी, ९.३०

मी टोरंटोजवळ मिसिसागात असतो, व्यवसायाने हिशेबनीस. माझ्या परीने सांगतो.

करारात ट्रेड न करण्याचं कलम असेल तर खेळाडू नकार देऊ शकतो, किंवा कोणत्या संघांत जाणार नाही याची यादी देऊ शकतो. कलम नसेल तर फोन येतो आणि तो सामान भरतो. मुलांची शाळा, बायकोची नोकरी, घराचं भाडं हे सगळं मागून.

मुळात हे होतं कशामुळे, तर सॅलरी कॅपमुळे, म्हणजे संघाच्या एकूण पगारखर्चावरच्या मर्यादेमुळे. २००४-०५ चा अख्खा हंगाम मालक-खेळाडूंच्या वादात बुडाला आणि त्यानंतर ही मर्यादा आली. पहिल्या वर्षी प्रत्येक संघाला ३ कोटी ९० लाख डॉलर होते, यंदा ८ कोटी ८० लाख आहेत. मालक कितीही श्रीमंत असला तरी त्यावर एक डॉलर खर्चता येत नाही. मॅकिनन वर्षाला १ कोटी २६ लाख घेतो. रान्तानेनचा ९२ लाख ५० हजारांचा करार या उन्हाळ्यात संपतोय. गेल्या दोन्ही हंगामांत त्याने शंभरावर गुण (गोल आणि पास मिळून) केले, यंदा ४९ सामन्यांत ६४. एडमंटनच्या ड्रायसायटलने पुढच्या हंगामापासून १ कोटी ४० लाखांचा करार केल्यावर रान्तानेनचा भाव काय असणार, हे उघड आहे. उन्हाळ्यात तो सहीविना निघून गेला असता तर अ‍ॅव्हलांचच्या हाती काहीच लागलं नसतं. म्हणून आत्ताच दिला.

आणि या सौद्यात शिकागो तिसरा भिडू आहे. रान्तानेनच्या उरलेल्या पगाराचा अर्धा भार त्यांनी उचललाय. तो एक दिवसही त्यांच्याकडून खेळणार नाही. हिशेबाच्या दृष्टीने सगळं चोख आहे. पण पानगळ, तुमच्या लेकीची वही वाचून मी लॅपटॉप मिटून दहा मिनिटं बसून राहिलो. आमच्याकडे मॅथ्यूज आणि मार्नर आहेत. मार्नरचा करारही याच उन्हाळ्यात संपतोय. मी आतापासूनच सामने वेगळ्या नजरेने बघायला लागलोय, जणू उजळणी करतोय.


सरोवरकाठ | २५ जानेवारी, ११.०५

शिकागो उपनगर, अठरा वर्षं. मी थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नका.

आम्ही २०१० मध्ये ४९ वर्षांनी कप जिंकलो. त्याच उन्हाळ्यात कॅपपायी बफ्लिन गेला, लॅड गेला, व्हर्स्टीग गेला, गोलकीपर निएमी गेला. कपची मिरवणूक संपते न संपते तोच निम्मा संघ रिकामा. आम्ही तेव्हा चिडलो होतो. पण टेव्स आणि केन या दोघांना धरून ठेवलं, बाकी सगळं पुन्हा बांधलं, म्हणूनच २०१३ आणि २०१५ चे कप आले. संघ चालवणाऱ्याने खेळाडूंच्या मैत्रीकडे बघून निर्णय घेतले तर कप येत नाहीत. मला ही गोष्ट पटलेली आहे.


खाडीकाठ | २५ जानेवारी, ११.४०

@सरोवरकाठ, आणि २०१७? २३ जूनला एकाच दिवशी पनारिन कोलंबसला आणि यालमार्सन अ‍ॅरिझोनाला. केन-पनारिन ही तेव्हाची सगळ्यात देखणी जोडी होती. ती तोडल्यावर पुढच्याच वर्षी शिकागो प्लेऑफलाही पोचला नाही. कुणाला कुणाबरोबर खेळायला आवडतं हीसुद्धा संघाची कमाईच असते की. हिशेबात तिला रकाना नाही, म्हणून ती नाहीच असं कसं म्हणणार?


सरोवरकाठ | २५ जानेवारी, १२.१०

२०१७ बद्दल तुमचं बरोबर आहे. त्याचं समर्थन मी आजही करू शकत नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत केन न्यूयॉर्कला गेला तेव्हा तिथे त्याला पनारिन पुन्हा भेटला. दोघांना एका बाकावर बघून मी घरात एकटाच टाळ्या वाजवल्या होत्या. संघ माझा नव्हता तरी.


जुना_एडमंटनकर | २६ जानेवारी, सकाळी ६.२०

आज प्रजासत्ताक दिन, आणि वेन ग्रेट्स्कीचा वाढदिवस. चौसष्ट पूर्ण झाला. त्यामुळे हा धागा आजच माझ्यासमोर यावा, याचं मला विशेष वाटलं.

पानगळ, तुझ्या प्रश्नाचं उत्तर देण्याएवढं वय माझं नक्कीच झालंय. मी १९८१ साली एडमंटनला आलो. रिफायनरीत मेंटेनन्सला होतो. हॉकी मला फोरमनने शिकवली. युक्रेनी वंशाचा धिप्पाड माणूस, बोलायचा कमी. थंडी उणे तीस आणि आपलं कोणी नाही, अशा हिवाळ्यात मला या गावाने जवळ केलं ते ऑयलर्सच्या, म्हणजे इथल्या हॉकी संघाच्या, गप्पांमधून. ग्रेट्स्की, मेसियर, कुरी, कॉफी, अँडरसन, फ्यूर. १९८४, ८५, ८७, ८८, असे चार कप.

९ ऑगस्ट १९८८, मंगळवार. कप जिंकून अडीच महिने झाले होते. ग्रेट्स्कीचं लग्न होऊन महिनाही झाला नव्हता, आमच्याच गावात झालं होतं, रस्त्यावर दुतर्फा माणसं उभी होती. जेवणाच्या सुटीत रेडिओवर बातमी आली, ग्रेट्स्की लॉस एंजेलिसला. मॅकसोर्ली आणि क्रुशेलनिस्की त्याच्याबरोबर. बदल्यात जिमी कार्सन, मार्टिन जेलिना, तीन पहिल्या फेरीचे पिक आणि दीड कोटी डॉलर रोख. जमाखर्च यांनी कॅपचं सांगितलं ते आजचं. तेव्हा कॅप नव्हती. मालकाला पैसा हवा होता. फोरमनने डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवली आणि डबा न उघडता उठून गेला. असा मी त्याला कधी पाहिला नव्हता, नंतरही कधी नाही. ओटावाच्या संसदेत एका खासदाराने सरकारने हा सौदा थांबवावा अशी मागणी केली. बाहेरच्या कुणाला हे खरं वाटायचं नाही.

संध्याकाळी टीव्हीवर ग्रेट्स्की बोलायला बसला आणि त्याला बोलताच येईना. डोळे पुसत म्हणाला, रडणार नाही असं मी मेसला वचन दिलं होतं. मेस म्हणजे मार्क मेसियर. दोघं एकाच वर्षी, एकाच महिन्यात, आठ दिवसांच्या अंतराने जन्मलेले. लोक म्हणतात ग्रेट्स्की विकला गेला. मला त्या संध्याकाळी वाटलं ते वेगळं होतं. आता मेसियर ड्रेसिंग रूममध्ये शिरल्यावर कुणाकडे बघणार?

मग १९ ऑक्टोबर. किंग्ज, म्हणजे त्याचा लॉस एंजेलिसचा नवा संघ, आमच्याकडे खेळायला आले. मी तिकीट काढून गेलो. तो काळ्या-रुपेरी कपड्यात बर्फावर आला आणि अख्खं कोलिझियम उभं राहिलं. टाळ्या थांबेचनात. सामना आम्ही ८-६ जिंकलो. घरी येताना मला जिंकल्याचं काहीच वाटत नव्हतं.

तू विचारलंस, पुन्हा बघायला कसे बसलात. मी त्या वर्षी मेसियरकडे बघायला लागलो. तो काय करतो, बाकावर कुठे बसतो, कुणाशी बोलतो. १९९० मध्ये त्याने कॅप्टन म्हणून पाचवा कप उचलला तेव्हा मी फोरमनला फोन केला. दोघंही फार बोललो नाही. आणि १९९६ मध्ये, दोघं पस्तिशीचे झाल्यावर, ग्रेट्स्की न्यूयॉर्क रेंजर्समध्ये मेसियरकडे गेला. एकच हंगाम मिळाला. तो मी एकही सामना न चुकवता पाहिला, मिळेल तिथे.

लेकीला सांग, आजोबांच्या वयाच्या माणसाने विचारलंय, वहीत नेचासचा आकडा लिहायला सुरुवात केलीस का?


पानगळ | २६ जानेवारी, रात्री ९.५०

काका, तुमचा प्रतिसाद मी तिला मोठ्याने वाचून दाखवला. तिला मराठी वाचता येतं, पण सावकाश. फोरमनने डबा उघडला नाही इथे मला जरा थांबावं लागलं.

वहीबद्दल तिने उत्तर दिलंय, तसंच लिहिते: "८८ नंबर. लिहीन. पण नवीन पानावर."


सुमी_बॉस्टन | २७ जानेवारी, ७.३०

नेचासचा यात काय दोष, नाही का? त्यालाही त्याचं गाव सोडावंच लागलं. कॅरोलायनात असेल की कुणी त्याच्या नावाची जर्सी घालून बसलेली मुलगी.


जमाखर्च | ३१ जानेवारी, रात्री ८.०५

आजची बातमी वाचली का? लीगने पुढच्या तीन हंगामांची कॅप एकदम जाहीर केली. ९ कोटी ५५ लाख, मग १० कोटी ४० लाख, मग ११ कोटी ३५ लाख. करोनाच्या काळात तीन हंगाम ती ८ कोटी १५ लाखांवर गोठली होती आणि त्या पायी कितीतरी संघ मोडले गेले. आता एकदम एवढी वाढ. म्हणजे ज्या तंगीच्या नावाखाली गेल्या शुक्रवारी जोडी तोडली, ती तंगी या शुक्रवारी सैल झाली. वाढ होणार याचा अंदाज संघांना होता हे मला माहीत आहे, तरी तारखा बघून मन खट्टू झालं.


चिनूक | २ फेब्रुवारी, पहाटे १२.४०

आठवडाभर धागा वाचतेय. लिहू की नको असं चाललं होतं. मी कॅल्गरीची.

आमच्याकडे जॉनी गॉड्रो आणि शॉन मोनाहन होते. गॉड्रो लहान चणीचा, २०११ च्या ड्राफ्टमध्ये चौथ्या फेरीत, १०४ व्या क्रमांकावर निवडलेला. इतका किरकोळ की लोक म्हणायचे हा या लीगमध्ये टिकायचा नाही. मोनाहन २०१३ चा सहावा. दोघं बरोबरच मोठे झाले. एक पक नाचवत न्यायचा, दुसरा गोलासमोर शांत उभा असायचा. मी तेव्हा इथे नवीन होते, रात्रपाळी करायचे, आणि ब्रेकरूमच्या टीव्हीवर हे दोघं दिसले की वाटायचं घरी आले.

२०२२ चा उन्हाळा आम्हाला फार जड गेला. जुलैत गॉड्रो करार संपल्यावर फ्री एजंट म्हणून कोलंबसला गेला. दहाच दिवसांत मॅथ्यू कचक फ्लोरिडाला दिला, बदल्यात ह्युबर्डो आणि वीगर आले. आणि ऑगस्टमध्ये काद्रीच्या पगारासाठी कॅपमध्ये जागा करायची म्हणून मोनाहनला मॉन्ट्रियलला दिला, वर पहिल्या फेरीचा पिकही दिला. त्याला घ्या म्हणून आपण वर काहीतरी देतोय, हे मला फार लागलं. त्याच्या दोन्ही खुब्यांची ऑपरेशनं झाली होती, आमच्यासाठी खेळून खेळून. पानगळताई, काद्री तुमच्याकडूनच आला होता, २०२२ चा कप जिंकून.

मोनाहन मॉन्ट्रियलहून विनिपेगला गेला. आणि गेल्या वर्षी १ जुलैला त्याने कोलंबसशी पाच वर्षांचा करार केला. जॉनीकडे. मला इतका आनंद झाला की मी माझ्या बहिणीला नाशिकला फोन करून सांगितलं, तिला यातलं काही कळत नसताना. कॅल्गरीने तोडलं ते त्यांनी स्वतःच जोडलं असं वाटलं.

२९ ऑगस्टला जॉनी आणि त्याचा धाकटा भाऊ मॅथ्यू न्यू जर्सीत सायकलवरून जात होते. गाडीने उडवलं. दोघंही गेले. दुसऱ्या दिवशी बहिणीचं लग्न होतं.

एकही सामना एकत्र खेळायला मिळाला नाही.

आमच्या सॅडलडोम स्टेडियमच्या पायऱ्यांवर लोकांनी फुलं आणि मेणबत्त्या ठेवल्या, त्याला आवडायचं ते जांभळं गेटोरेड ठेवलं, स्किटल्सची पाकिटं ठेवली. तो दोन वर्षांपूर्वी आम्हाला सोडून गेला होता, आम्ही त्याच्यावर चिडलोही होतो. त्या पायऱ्यांवर ते कुणाच्या मनात नव्हतं. मी एक गेटोरेड ठेवलं. शेजारी सात-आठ वर्षांचा मुलगा होता, त्याने त्याच्या पाकिटातल्या जांभळ्या गोळ्या निवडून एका ओळीत मांडल्या.

ऑक्टोबरमध्ये कोलंबसचा घरचा पहिला सामना होता. सुरुवातीला त्यांनी डावा विंगर उभाच केला नाही. जॉनीची जागा रिकामी. पक पडल्यावर कुणी हललं नाही, घड्याळाचे तेरा सेकंद तसेच जाऊ दिले. तेरा त्याचा आकडा.

तुमच्या लेकीला मला एवढंच सांगावंसं वाटतं. मिक्को आहे, बाळ. नॉर्थ कॅरोलायनात आहे, पण आहे. उद्या टीव्ही लावलास की दिसेल. ही फार मोठी गोष्ट आहे.


पानगळ | २ फेब्रुवारी, सकाळी ८.१५

चिनूक, आज दुसरं काही लिहवत नाही. तुम्ही लिहिलंत, बरं झालं.


खडकीचा_पोर | २ फेब्रुवारी, ९.००

डोळे पाणावले. मी या खेळाचा एकही सामना पाहिलेला नाही. आज त्या तेरा सेकंदांची चित्रफीत शोधून पाहिली. आईलाही दाखवली.


सुमी_बॉस्टन | ७ मार्च, दुपारी ४.२०

धागा वर काढतेय. आज ट्रेडची डेडलाईन, म्हणजे यंदा खेळाडू बदलायचा शेवटचा दिवस. पानगळ, बघितलंस? रान्तानेन पुन्हा! कॅरोलायनातून डॅलसला. आणि आठ वर्षांचा करार, वर्षाला १ कोटी २० लाख.

आमचा मार्शँडही गेला. फ्लोरिडाला. २०११ च्या कपवाल्यांपैकी शेवटचा माणूस. हजारावर सामने, आमचा कॅप्टन. गेल्या वर्षी प्लेऑफमध्ये ज्या बेनेटच्या फटक्याने तो दोन सामने बाहेर बसला, आता त्याच बेनेटच्या शेजारी बसणार. शारा गेला, बर्जरॉन-क्रेची निवृत्त झाले, तेव्हा मी म्हणायचे मार्शी आहे ना. आता कुणाचं नाव घेऊ?


खाडीकाठ | ७ मार्च, संध्याकाळी ६.१०

सुमी, आम्ही सॅन होजेवाले हे सगळं पचवून बसलोय. थॉर्नटन, मार्लो आणि पॅव्हेल्स्की. मार्लो २०१७ मध्ये टोरंटोला गेला, पॅव्हेल्स्की २०१९ मध्ये डॅलसला. मार्लो परत आला, थॉर्नटनशेजारी बसला, आणि चारच महिन्यांत पिट्सबर्गला पाठवला, कुठे तरी कप मिळावा म्हणून. दोघांनाही कप कधी मिळालाच नाही. गेल्या वर्षी डेडलाईनच्या अगदी शेवटच्या मिनिटांत हर्टल गेला, तेव्हा मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीतच बसून राहिलो होतो.

पण गेल्या नोव्हेंबरात थॉर्नटनचा १९ नंबर छताला चढवला. शेजारी मार्लोचा १२ आधीच होता. मी मुलाला घेऊन गेलो होतो. आता ते दोन कापडं शेजारी लटकलेली आहेत, आणि ती ट्रेड होत नाहीत. आम्ही सामन्याला गेलो की मुलगा आधी वर बघतो.


पानगळ | ७ मार्च, रात्री १०.३०

डॅलस आमच्याच विभागात आहे. म्हणजे वर्षातून तीन-चार वेळा तो समोर येणार, आणि प्लेऑफमध्येही गाठ पडू शकते. कॅरोलायनात १३ सामन्यांत दोनच गोल केले त्याने. लेक ते सामने बघत होती, मला न सांगता, कानात हेडफोन घालून. आज म्हणाली, "त्याला तिथे पास कुठून येणार हे कळतच नव्हतं, आई. तो चुकीच्या जागी उभा राहत नव्हता. पास चुकीच्या जागी येत होता."

मी यावर विचार करतेय.


जुना_एडमंटनकर | ८ मार्च, सकाळी ६.००

लेकीला हॉकी कळते.


पानगळ | २४ एप्रिल, रात्री १.१५

आत्ताच घरी आलो, झोप येणार नाही, म्हणून लिहिते. पहिल्याच फेरीत डॅलस. ज्याची भीती होती तेच झालं. आम्ही तिसऱ्या सामन्याची तिकिटं काढली, अगदी वरच्या ओळीची. दिवाळीला भारतात जायचं म्हणून बाजूला ठेवलेल्या पैशांतून काढली. नवऱ्याने एका शब्दाने विचारलं नाही.

आणि काल गॅब्रिएल लँडेस्कॉग खेळला. १०३२ दिवसांनी. गुडघ्यात दात्याची कूर्चा बसवली, डॉक्टर लोकांना खात्री नव्हती, आणि हा माणूस परत आला. तो सरावासाठी बोगद्यातून बाहेर आला तेव्हा जो आवाज उठला तो मी जन्मात ऐकला नव्हता. माझ्या शेजारी साठीच्या एक बाई होत्या, पूर्णपणे अनोळखी, त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि राष्ट्रगीत सुरू होईपर्यंत सोडला नाही.

२९ होता, ९२ होता. आणि रिंकच्या पलीकडच्या अर्ध्यात, हिरव्या कपड्यात, ९६. तिघं एकाच बर्फावर. २०२२ च्या त्या रात्रीनंतर पहिल्यांदा. लेक माझ्या कानात म्हणाली, "आले सगळे." आमच्या पुढच्या रांगेतल्या मुलांनी मिक्कोची हुर्यो केली. तिने त्यांच्याकडे नुसतं बघितलं.

ओव्हरटाईममध्ये सेगिनने गोल केला, आम्ही २-१ हरलो. येताना गाडीत ती पूर्ण वेळ जागी होती.


चिनूक | २४ एप्रिल, सकाळी ७.०५

मी घरून पाहिला. लँडेस्कॉगसाठी मीसुद्धा उभी राहिले. ताई, वाचून काटा आला अंगावर.


सरोवरकाठ | २ मे, सकाळी ९.४०

काल कोलोराडो ७-४ ने जिंकलं! मालिका ३-३. आता सातवा सामना, डॅलसला. पानगळ, मी कोलोराडोच्या बाजूने आहे. पण खरं सांगायचं तर ज्या संघाने हा माणूस जानेवारीत दिला, त्याला हा माणूस मे महिन्यात काय करतो ते बघायची उत्सुकताही आहे.


पानगळ | ४ मे, सकाळी १०.२०

सगळ्यांनी पाहिलंच असेल. तरी माझ्या घरातून कसं दिसलं ते लिहिते.

दुसऱ्या पिरियडनंतर आम्ही १-० ने पुढे. तिसरा सुरू होऊन अर्धा मिनिट झालं आणि मॅकिननने गोल मारला. २-०. नवऱ्याने चहा टाकला. मला वाटलं झालं आता. लेक मात्र सोफ्याच्या कडेवर बसलेली, दोन्ही हात मांड्यांखाली, आणि तिचं लक्ष पककडे नव्हतं. ती ९६ कडे बघत होती. काका, तुम्ही लिहिलं होतं ना मेसियरबद्दल, तसं.

मग तो सुटला. एक. मग गोलामागून फिरून दुसरा, आमच्याच माणसाच्या स्केटला लागून आत. मग जॉन्स्टनच्या गोलला पास त्याचाच. आणि शेवटी रिकाम्या जाळ्यात तिसरा. तिसऱ्या पिरियडमध्ये हॅटट्रिक, तीही सातव्या सामन्यात. आधी कुणीच केलेली नाही म्हणे. ४-२. आमचा हंगाम संपला, आणि तो ज्याच्यामुळे संपला त्याची जर्सी माझ्या कपाटात पैठणीवर ठेवलेली.

हात मिळवायची रांग सुरू झाली. मॅकिनन आणि तो समोरासमोर यायच्या आधीच नवऱ्याने टीव्ही बंद करायला रिमोट उचलला. लेक म्हणाली, "बाबा, नको." आम्ही पूर्ण रांग बघितली.

ती रडली. खूप रडली. मी तिला विचारलं नाही की हरलो म्हणून की त्याच्यासाठी. रात्री साडेअकराला तिच्या खोलीत दिवा दिसला म्हणून मी डोकावले. वही उघडी होती. जानेवारीपासून ८८ चं नवीन पान चालू होतं, ते ओलांडून ती मागे गेली होती. जुनं पान, २४ जानेवारीला जिथे थांबलं होतं तिथे. खाली दोन बोटं जागा सोडून तिने कालची तारीख घातली होती. २९ समोर एक रेघ, निळ्या शाईत. ९६ समोर तीन रेघा, हिरव्या शाईत. पास कोणाचा, हा रकाना रिकामा ठेवला होता.

सकाळी तिने जर्सी खाली काढायला सांगितली. पाठीवरच्या ९६ मधला ६ कडेने सुटलाय. उलटी करून, वर मलमल टाकून इस्त्री फिरवते म्हणजे चिकटेल.


जुना_एडमंटनकर | ४ मे, सकाळी ११.३५

इस्त्री फार तापवू नकोस, रबर वितळतं. माझ्याकडे १९ ऑक्टोबर १९८८ चं तिकीट अजून आहे. शाई उडालीय, पण रांग आणि खुर्चीचा आकडा वाचता येतो. लेकीला त्याचा फोटो पाठवतो, वहीत लावायला.